ओटीपी जपला, लॉगिन उघडेच राहिले

जून-जुलैत बाळापूरच्या तहसील कचेरीच्या आसपासची सेवा केंद्रे पाहावीत. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. पोरांना उत्पन्नाचा दाखला हवा असतो, नॉन-क्रीमीलेअर हवे असते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. शेतकऱ्याला सातबारा आणि आठ-अ हवा असतो, पीकविम्याची तारीख जवळ आलेली असते. टेबलावर एक संगणक, समोर एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर दिवसभर माणसे बदलत राहतात. मोबाइलवर ओटीपी आला की माणूस फोन छातीशी धरतो, आजूबाजूला बघतो आणि आकडे हळूच सांगतो. बँकांनी, पोलिसांनी आणि कॉलर ट्यूननी ही शिकवण एवढी घोटून घेतली आहे की ती आता अंगवळणी पडली आहे. काम झाले की प्रिंट हातात घेऊन, पैसे देऊन तो उठतो. खिडकी मिटलेली असते, लॉगआउट केलेले नसते. त्याचे खाते त्या संगणकात तसेच उघडे राहते, खुर्चीवर पुढे येणाऱ्या माणसासाठी.

हे ज्यामुळे घडते ती कुकी. वेबसाइट उघडताच 'सगळे मान्य करा' म्हणून आडवी येते तीच. कुकीवर जगभर बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक जाहिरातींविषयी आहे : कंपन्या तुमचा माग कसा काढतात, तुमची आवड कशी विकतात. ते खोटे नाही. पण ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या लॅपटॉपपुढे एकटा बसलेला माणूस असतो. तालुक्याच्या गावी एका यंत्रावर पन्नास जणांची कामे होतात आणि एका फोनवर सगळे घर चालते. तिथे कुकीचा पहिला धोका जाहिरातीचा नसतो, मागे राहिलेल्या लॉगिनचा असतो. या आढाव्यात क्रम म्हणून तसाच ठेवला आहे.

वेबसाइट ज्या नियमांवर चालते, त्या एचटीटीपीला मुळात स्मरण नाही. तुम्ही एक पान मागितले, सर्व्हरने दिले, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी दुसरे पान मागणारा माणूस तोच आहे की वेगळा, हे सर्व्हरला कळायला मार्ग नव्हता. नुसती पाने वाचायची होती तोवर याने काही अडले नाही. दुकान मांडायचे म्हटल्यावर अडले, कारण गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावर विसरली जात होती. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या अभियंत्याने यावर तोड काढली. सर्व्हरने उत्तरासोबत एक छोटी चिठ्ठी पाठवायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्याच वेबसाइटकडे पुन्हा जाताना दर वेळी आपणहून दाखवायची. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही ती सोय उचलली. आज आपण लॉगिन करून जे जे करतो, त्यातले बरेचसे अजून याच चिठ्ठीच्या जोरावर चालते.

देवळाच्या चपला स्टँडवर जसा बिल्ला मिळतो, तशी ही चीज आहे. बिल्ल्यावर तुमचे नाव नसते, गाव नसते, फक्त एक आकडा असतो. स्टँडवरचा माणूस तुमचा चेहरा लक्षात ठेवत नाही, आकडा जुळला की चपला पुढे सरकवतो. बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर चपला त्याला मिळतील आणि त्यात स्टँडवाल्याचा काही दोष नसेल. लॉगिनच्या कुकीतही बहुतेक वेळा तुमचा पासवर्ड नसतो, आधार क्रमांक नसतो. अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक, अर्थहीन माळ असते. ती माळ कोणाची, हे सर्व्हरच्या वहीत लिहिलेले असते. ओटीपी फक्त बिल्ला मिळेपर्यंत लागतो. एकदा बिल्ला मिळाला की पुढच्या प्रत्येक पानावर तोच चालतो, ओटीपी पुन्हा कोणी विचारत नाही.

एखादी कुकी उघडून पाहिली तर आत फार काही नसते. एक नाव, एक किंमत, ती कोणत्या वेबसाइटला दाखवायची, कोणत्या भागासाठी चालेल आणि कधीपर्यंत. सगळे मिळून साधारण चार किलोबाइटच्या आत. शिवाय दोन-तीन अटी लावता येतात. 'सिक्युअर' लिहिले असेल तर ती फक्त कुलूपबंद म्हणजे एचटीटीपीएस जोडणीवरूनच जाते. 'एचटीटीपी-ओन्ली' असेल तर पानावरच्या स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. 'सेम-साइट' ही अट दुसऱ्याच वेबसाइटने परस्पर केलेल्या विनंतीसोबत ती जाऊ नये यासाठी असते. या अटी वेबसाइट बनवणाऱ्याने लावायच्या असतात, वापरणाऱ्याच्या हातात त्या नाहीत. कुकी हा प्रोग्राम नाही, ती आपणहून चालत नाही आणि तिच्यामुळे संगणकाला व्हायरस लागत नाही. ही भीती गावोगाव अजून आहे, ती सोडून द्यावी.

मुदतीचा भाग मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण खरी गफलत तिथेच होते. ज्या कुकीवर मुदत लिहिलेली नसते ती ब्राउझर बंद केला की संपते, तिला सेशन कुकी म्हणतात. ब्राउझर बंद करणे म्हणजे सगळ्या खिडक्या बंद करणे. नुसता टॅब मिटवून ती जात नाही, आणि केंद्रातला ब्राउझर सकाळी उघडतो तो रात्रीच मिटतो. त्यातही क्रोममध्ये 'जिथे सोडले तिथून पुढे सुरू करा' अशी सेटिंग आहे. केंद्रचालकाला सकाळी तीच दहा पाने पुन्हा उघडायची दगदग नको असते, म्हणून तो ती लावतो. मग सेशन कुकीसुद्धा रात्र ओलांडून दुसऱ्या दिवशी हजर असते. 'मला लक्षात ठेवा' या चौकटीवर खूण केली तर मिळते ती मुदतीची कुकी. ती किती दिवस चालावी हे वेबसाइट ठरवते, मात्र क्रोमने २०२२ पासून त्यावर कमाल ४०० दिवसांची मर्यादा घातली आहे.

दुसरे घड्याळ सर्व्हरकडे असते. बिल्ला तुमच्याकडे असला तरी वहीतली नोंद त्याने खोडली की बिल्ला निकामी होतो. अर्ज अर्धा भरून झाला, कागद शोधायला थोडा वेळ लागला आणि परतल्यावर पडद्यावर 'सेशन एक्स्पायर्ड'. यावरून सरकारी पोर्टलांना शिव्या न दिलेला माणूस तालुक्यात सापडणार नाही. भरलेला मजकूर जपून न ठेवता बाहेर काढणे ही पोर्टल बनवणाऱ्याची हलगर्जीच आहे. पण लवकर बाहेर काढणे ही मात्र सामायिक संगणकावर त्या पोर्टलने तुमच्यावर केलेली मेहेरबानी असते. लॉगआउटचे बटण हेच काम लगेच करते, म्हणजे कुकी पुसते आणि नीट बनवलेली वेबसाइट असेल तर वहीतली नोंदही खोडते. खिडकी मिटवणे आणि लॉगआउट करणे यांत एवढा फरक आहे.

बिल्ला चोरीला जातो तेव्हा काय होते, याची उदाहरणे जाहीर आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरशीप नावाचे एक साधन सगळ्यांसाठी खुले केले. एकाच उघड्या वायफायवर बसलेल्या माणसांच्या कुकी हवेतून उचलून एका क्लिकवर त्यांच्या फेसबुक खात्यात शिरता येते, हे त्याने दाखवून दिले. त्यानंतर मोठ्या वेबसाइटींनी सगळी पाने एचटीटीपीएसवर नेण्याची घाई केली, आणि म्हणून आज ती चोरी तेवढी सोपी राहिली नाही. पण मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे कॅनडातले तंत्रज्ञानाचेच मोठे यूट्यूब चॅनल भामट्यांनी ताब्यात घेतले. पासवर्ड फुटला नव्हता. एका कर्मचाऱ्याने ईमेलमधून आलेली फाइल उघडली आणि तिने ब्राउझरमधले सेशन उचलून नेले. दुहेरी पडताळणी, ओटीपी, काहीच आडवे आले नाही, कारण ते सगळे बिल्ला मिळण्याआधीचे पहारे. आपल्याकडच्या खुर्चीवर तर कोणाला फाइल पाठवण्याचीही गरज नाही. नुसते बसले की झाले.

आता जाहिरातींकडे वळू. आतापर्यंत सांगितली ती वेबसाइटची स्वतःची कुकी. पण एका पानावर अनेकांचे सामान असते. तुम्ही तुरीचे आजचे भाव पाहायला एका वेबसाइटवर गेलात, तर मजकूर त्या वेबसाइटचा, वरची जाहिरातीची पट्टी मात्र तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून आलेली. पट्टीसोबत ती कंपनीही आपली कुकी ठेवून जाते. मग तुम्ही बातम्या वाचायला दुसरीकडे जाता, तिथेही त्याच कंपनीची पट्टी असते, आणि ब्राउझर इमानाने तीच कुकी तिला दाखवतो. असे शंभर ठिकाणी झाले की त्या कंपनीकडे एका ब्राउझरची दिनचर्या तयार होते : सकाळी तूर, दुपारी फवारणी पंपाची किंमत, रात्री कर्ज. ही थर्ड-पार्टी कुकी. तिला माणूस दिसत नाही, ब्राउझर दिसतो. घरातल्या एकाच फोनवर बाप भाव पाहतो, मुलगी नीटची तयारी करते आणि आजोबा गुडघेदुखीवरचे तेल शोधतात. मग मुलीला अभ्यास करताना गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात दिसते. यात हसण्यासारखे आहे तेवढेच खटकण्यासारखेही आहे, कारण घरात कोणाला काय दुखते हे घराबाहेर गेलेले असते.

हे ध्यानात यायला जगाला फार वेळ लागला नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने कुकीविषयी लिहिले आणि बोभाटा झाला. १९९७ साली इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या मंडळींनी मसुद्यातच सुचवले होते की थर्ड-पार्टी कुकी ब्राउझरने आपणहून घेऊ नये. ब्राउझर कंपन्यांनी ते मानले नाही. तोवर डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांचा सगळा धंदा या कुकीवर उभा राहिला होता. २००८ साली गूगलने डबलक्लिक ३१० कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी गूगलने क्रोम हा स्वतःचा ब्राउझरही आणला. पुढचा इतिहास समजायला हे दोन व्यवहार एकत्र ध्यानात ठेवले की पुरे.

अॅपलने सफारीत २०१७ पासून आवळायला सुरुवात केली आणि मार्च २०२० मध्ये थर्ड-पार्टी कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ओळखीच्या कंपन्यांच्या कुकी अडवल्या आणि २०२२ पासून प्रत्येक वेबसाइटची कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला घेतली, म्हणजे एकीचे दुसरीला कळत नाही. गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की दोन वर्षांत आम्हीही बंद करू. मग तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली. २०२४ च्या सुरुवातीला एक टक्का लोकांवर प्रयोग झाला, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की वापरणाऱ्याला वेगळे विचारणारी चौकटही आणणार नाही. यात गूगलचा स्वार्थ होता हे खरे, पण एवढेच सांगणे अर्धवट होईल. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाची हरकत उलट बाजूने होती : सगळ्यांच्या कुकी बंद झाल्या तर लॉगिन केलेल्या कोट्यवधी लोकांची माहिती एकट्या गूगलकडेच उरेल आणि बाकीचे जाहिरातवाले मरतील. या भांडणाचा निकाल काहीही असो, बाळापुरातल्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर आधीपासून बसवलेला ब्राउझर क्रोम असतो आणि त्यात थर्ड-पार्टी कुकी सुरू असतात. ज्याला बंद करायच्या आहेत त्याने स्वतः जाऊन बंद करायच्या.

कायद्याच्या बाजूने सगळ्यात जास्त खटपट युरोपने केली. २००२ चा निर्देश, त्यात २००९ ची दुरुस्ती, मे २०१८ पासून जीडीपीआर हा माहितीसंरक्षणाचा कायदा. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने प्लॅनेट-४९ खटल्यात सांगितले की चौकटीवर आधीच खूण करून ठेवलेली संमती ही संमती नव्हे. फ्रान्सच्या माहितीसंरक्षण आयोगाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले. कारण काय, तर मान्य करायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. दंड योग्यच होते. पण या सगळ्याचे दृश्य फळ म्हणजे पानोपानी आडवी येणारी चौकट, आणि माणसे कंटाळून 'मान्य' दाबतात. न वाचता दिलेली संमती कायद्यात बसवणे हा युरोपचा पराभवच म्हणावा लागेल. जर्मनीत राहणारा आपला भाचा आणि आपण एकच वेबसाइट उघडली, तर त्याला पुष्कळदा ही चौकट दिसते आणि आपल्याला दिसत नाही. कुकी दोघांकडेही पोचतात.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यायला ऑगस्ट २०२३ उजाडला आणि त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५. संमतीविषयीची मुख्य कलमे नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. या कायद्यात कुकीचे नावही नाही. पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सगळी त्यात येते, म्हणून माग काढणारी कुकीही त्याच्या कक्षेत येईल. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायला मिळाली पाहिजे. बाळापुरात मराठीइतकेच उर्दू वाचणारेही आहेत, दोघांनाही हा हक्क मिळेल. संमती द्यायला जेवढे सोपे तेवढेच ती मागे घ्यायला सोपे हवे. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढणे, त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. कमाल दंड २५० कोटी रुपये. कायद्यात एक मोठी खिडकी मात्र उघडी आहे. अनुदान, दाखले, परवाने देण्यासाठी सरकारला ठरावीक परिस्थितीत नव्याने संमती न घेताही माहिती वापरता येते. तालुक्यातल्या माणसाचा बहुतेक वावर सरकारी पोर्टलांवरच असतो, तेव्हा संमतीच्या कलमाचा त्याला होणारा उपयोग तेवढा कमी.

कमी ऐकिवात असलेली एक तरतूद आधीपासून लागू आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. 'नाही' म्हणायची सोयच न ठेवता कुकी मान्य करा म्हणून सतत भंडावणे हे त्यातल्या एका प्रकाराचे उदाहरण म्हणूनच दिले आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर याची तक्रार करता येते.

आता हाताने करायच्या गोष्टी. आधी सामायिक संगणक. केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये क्रोममधून काम करायचे असेल तर वर उजवीकडच्या प्रोफाइलच्या गोल चिन्हावर जाऊन 'गेस्ट' उघडायला सांगा. गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यातल्या कुकी, इतिहास, भरलेली माहिती पुसली जाते आणि चालकाची स्वतःची लॉगिन जशीच्या तशी राहतात. त्याची यात काही गैरसोय नाही. इन्कॉग्निटोनेही काम भागते, पण एक इन्कॉग्निटो खिडकी दुसऱ्याने उघडी ठेवली असेल तर दोघांच्या कुकी एकाच डब्यात राहतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. 'पासवर्ड सेव्ह करू का?' याला नाही म्हणायचे. आणि उठण्याआधी लॉगआउट. आधारची पीडीएफ छापायला कोणी दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअॅप वेब उघडले असेल, तर फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून तिथला संगणक काढून टाकावा. त्याची खूण कुकीत नसते, ब्राउझरच्या दुसऱ्या कप्प्यात असते, पण परिणाम तोच : तुमचे सगळे संभाषण दुकानात उघडे. गूगल खाते कुठे राहून गेले असेल, तर फोनवरूनच खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात 'युवर डिव्हाइसेस' पाहून दूरचे यंत्र बाहेर काढता येते. पुन्हा केंद्रावर जायची गरज नाही.

स्वतःच्या फोनवर क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, तिथे थर्ड-पार्टी कुकी ब्लॉक करणे, एवढे एकदाच करायचे आहे. क्वचित एखाद्या वेबसाइटवर पैसे भरण्याचे पान अडेल, तेव्हा तेवढ्या वेबसाइटला मोकळीक देता येते. सगळ्याच कुकी बंद करण्याच्या फंदात पडू नये, मग कुठेच लॉगिन होणार नाही. 'ब्राउझिंग डेटा डिलीट' करताना कुकीवर खूण ठेवा, पासवर्डवरची काढा, नाहीतर साठवलेले पासवर्डही जातील. दर आठवड्याला सगळे पुसत बसण्यात अर्थ नाही. थर्ड-पार्टी बंद असतील तर आपल्या वेबसाइटच्या कुकी राहू द्याव्यात, त्या आपल्याच सोयीच्या आहेत.

एवढे करून जाहिरातवाल्यांची नजर चुकेल, अशी आशा धरू नये. पडद्याचा आकार, फॉन्ट, फोनचे मॉडेल अशा खुणा जुळवून कुकीशिवायही ब्राउझर ओळखता येतो. अॅप तर ब्राउझरच्या कुकीवर चालतच नाहीत, त्यांच्यासाठी अँड्रॉइडमध्ये जाहिरातींचा वेगळा ओळख क्रमांक असतो. तो सेटिंग्जमध्ये 'अॅड्स' या भागात पुसता येतो आणि पुसावा. इन्कॉग्निटोमध्येही माहिती जमा होत होती, या आरोपावरच्या अमेरिकेतल्या खटल्यात गूगलने २०२४ मध्ये तडजोड केली आणि अब्जावधी नोंदी नष्ट करायचे कबूल केले. इन्कॉग्निटो आपल्या मागून संगणकावर बसणाऱ्यापासून वाचवते, इंटरनेटपासून वाचवत नाही. तालुक्याच्या केंद्रात पहिले वाचवणेच जास्त गरजेचे आहे.

प्रत्येक शेतकऱ्याने नि विद्यार्थ्याने हे सगळे शिकावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. हे काम चालकाचे आहे. बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, अचलपूर कुठेही असो, ज्यांच्या केंद्रात रोज लोकांची लॉगिन उघडतात त्यांनी गिऱ्हाइकाचे काम गेस्टमध्येच उघडावे आणि स्वतःच्या रोजच्या क्रोममधली 'जिथे सोडले तिथून' ही सेटिंग काढून टाकावी. दोन मिनिटांचे काम आहे, पैसा लागत नाही. केंद्रात दरफलक लावलेला असतोच. त्याच्याखाली मराठीत आणि उर्दूत एक ओळ लिहून घ्या : उठण्याआधी लॉगआउट करा. आणि कुठे आपल्या खात्यात दुसऱ्याने काही केल्याचे दिसले, तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन लावा.